'द हँड्स': एका संगणकीय वाद्याचे आणि थांबवलेल्या सुधारणेचे प्रकरण

हाताला लागणारी वस्तू आणि ध्वनी निर्माण करणारी वस्तू एकच असणे, ही पारंपरिक वाद्यांची इतकी उघड बाब आहे की ती कोणी वेगळी सांगत बसत नाही. तबलजी डग्ग्यावर 'घे' वाजवून मनगट पुढे रेटतो तेव्हा ताणलेली पुडी त्याच्या मनगटाला उलट रेटते, आणि घुमारा किती चढला हे त्याला कानाइतकेच त्या उलट्या रेट्यावरूनही समजते. संगणकाने ही जोडणी तोडली. संगणकात ध्वनी आकड्यांच्या हिशोबातून तयार होतो आणि लाउडस्पीकरमधून बाहेर पडतो. वादकाच्या हाताखाली असते ती एखादी कळ किंवा दांडी, आणि तिला त्या ध्वनीचा काहीच पत्ता नसतो. तीच कळ एका क्षणी घंटेचा नाद काढते आणि पुढच्या क्षणी पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा, पण बोटाला दोन्ही वेळा जाणवते ते सारखेच.

ध्वनी, स्पर्श आणि मंचावरील संगणकीय वादन यांची सांगड घालू पाहणारे संशोधन गेली चार-पाच दशके या तुटलेल्या जोडणीभोवती फिरत आले आहे. त्यातले एकच प्रकरण येथे तपशिलात पाहायचे आहे: डच संगीतकार मिशेल वाइसविस (१९४९–२००८) यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या 'स्टाइम' या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेत १९८४ साली प्रथम सिद्ध केलेले 'द हँड्स' हे वाद्य, आणि त्या वाद्यात सतत सुधारणा करत राहणे मुद्दाम थांबवण्याचा त्यांचा निर्णय. या वाद्याची महती सहसा त्यातील सेन्सरांच्या अंगाने सांगितली जाते. मला या प्रकरणाचा गाभा निर्णयात दिसतो. हातांना बांधलेल्या यंत्राचे वाद्य झाले ते त्यात बदल करणे थांबल्यावर, आणि पुढे ते एकाच माणसापुरते राहिले याचे मूळही बऱ्याच अंशी त्याच निर्णयाच्या स्वरूपात सापडते.

संस्थेची पार्श्वभूमी

स्टाइमची स्थापना १९६९ ची. लुई आंद्रीसन, राइनबर्ट द लेउ, मिशा मेंगेलबर्ग, पेटर स्खाट, यान फान व्लाइमन, डिक रायमाकर्स आणि कॉनराड बोहमर ही संस्थापकांची नावे डच संगीताच्या इतिहासात बंडखोर पिढीची म्हणून ओळखली जातात. त्यांपैकी पहिल्या पाच जणांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रतिष्ठित कॉन्सर्टखेबाउ सभागृहात बर्नार्ड हायटिंक यांच्या संचालनाखालील मैफल टिकटिक करणारी खेळणी आणि खुळखुळे वाजवून थांबवली होती; वाद्यवृंदाने नव्या संगीताकडे केलेल्या दुर्लक्षावर जाहीर चर्चा व्हावी अशी त्यांची मागणी होती. अशा लोकांनी उभारलेल्या स्टुडिओत संगीत कोणी, कोठे आणि कोणासमोर वाजवायचे हा प्रश्न तांत्रिक प्रश्नांच्या बरोबरीचा असणार, हे ओघाने आलेच.

१९५० च्या आणि १९६० च्या दशकांत युरोपातील इलेक्ट्रॉनिक संगीत प्रामुख्याने कोलोन, पॅरिस, मिलान अशा ठिकाणच्या स्टुडिओंत घडत होते. संगीतकार आठवडेच्या आठवडे चुंबकीय फितीचे तुकडे कापून जोडत असे, आणि मैफलीत श्रोते रिकाम्या मंचावरच्या लाउडस्पीकरांकडे पाहत ती फीत ऐकत. स्टाइमने नेमके याच्या उलट धोरण धरले: इलेक्ट्रॉनिक ध्वनी माणसाने मंचावर, त्या क्षणी, हाताने वाजवावा. वाइसविस १९७३ मध्ये या संस्थेत आले आणि १९८१ पासून मृत्यूपर्यंत तिचे कलात्मक संचालक होते. संस्थेचे धोरण आणि एका वादकाचा ध्यास यांच्यात पुढे फारसा फरक उरला नाही, आणि हे या प्रकरणात लक्षात ठेवायला हवे.

'द हँड्स'च्या आधीचे त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे 'क्राकडोस' नावाची छोटी लाकडी पेटी. पेटीच्या वरच्या बाजूला धातूचे सहा उघडे ठिपके, आत बॅटरीवर चालणारा एक साधा अ‍ॅम्प्लिफायर सर्किट आणि एक लहान स्पीकर, एवढीच तिची सामग्री. ठिपक्यांवर बोटे ठेवली की त्वचेतून वीज वाहते आणि वादकाचे शरीरच सर्किटचा एक घटक बनते; बोट किती ओले आहे, किती दाबले आहे, किती ठिपक्यांवर पसरले आहे, यावर आवाज ओरडतो, कुरकुरतो किंवा गप्प होतो. अभियंता ज्या अस्थिरतेला दोष म्हणेल तीच येथे वाद्याची जात आहे. १९७० च्या दशकात अशा हजारो पेट्या विकल्या गेल्या.

क्राकडोसमध्ये स्पर्श आणि ध्वनी यांच्यामध्ये मध्यस्थ नाही. कोणत्या हालचालीतून कोणता ध्वनी निघावा हे तेथे कोणी ठरवलेले नसते, ते विजेच्या प्रवाहातच ठरते. संगणकाकडे वळताना वाइसविस यांना हीच गोष्ट सोडून द्यावी लागणार होती, कारण संगणकाला त्वचा कळत नाही, आकडा कळतो.

१९८३ नंतरचा पेच

१९८३ मध्ये 'मिडी' ही संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी यामाहा कंपनीचा 'डीएक्स-७' हा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग यांनी शोधलेली फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनची, म्हणजे एका कंपनाने दुसऱ्याची कंपनसंख्या झपाट्याने हलवून ध्वनी घडवण्याची, पद्धत त्यात वापरली होती, आणि जे ध्वनी त्याआधी मोठ्या संगणकांवर तासन्‌तास हिशोब करून मिळत ते आता काखेत मारून नेता येतील अशा यंत्रातून तत्क्षणी निघू लागले. मिडीमुळे एका कंपनीच्या यंत्राने दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला आज्ञा देणे शक्य झाले. ध्वनी काढणारी पेटी एकीकडे आणि तिला आज्ञा देणारे साधन दुसरीकडे, अशी फारकत आता बाजारातच उपलब्ध झाली होती.

अडचण अशी की मिडीच्या डोळ्यांसमोर पियानोची पट्टी होती. स्वर सुरू झाला, स्वर थांबला, कळ किती वेगाने दाबली, हे तिचे मूळ शब्द. प्रत्येक मोजमाप ० ते १२७ या आकड्यांत बसवायचे. आणि सेकंदाला ३१,२५० बिट इतक्या वेगाच्या तारेतून एकामागून एक पाठवायचे, म्हणजे तीन बाइटच्या एका संदेशाला जवळपास एक हजारांश सेकंद लागतो. स्वरापासून स्वरापर्यंतचा प्रवास, जो आपल्याकडच्या मींडेत जवळजवळ सगळे काही असतो, तो या भाषेत ओढूनताणूनच सांगावा लागतो. (१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर घातलेल्या बंदीमागचा एक आक्षेप हाच होता, आणि तो वाद आठवला की मिडीबद्दलची पाश्चात्त्य संगीतकारांची तक्रार मराठी वाचकाला मुळीच अनोळखी वाटणार नाही.)

वाइसविस यांनी मिडीशी भांडण केले नाही. तिची पट्टी सोडून दिली आणि तार तेवढी वापरली. कळफलकासमोर बसलेल्या माणसाऐवजी मंचावर मोकळा उभा असलेला, हात हलवणारा माणूस सिंथेसायझरला आज्ञा देऊ शकेल, एवढेच त्यांना हवे होते.

वाद्याची रचना

'द हँड्स' म्हणजे दोन हातांना पट्ट्यांनी बांधायच्या दोन चौकटी. प्रत्येक चौकटीवर बोटांखाली लहान कळांची रांग आणि अंगठ्याला फिरवता येईल असा एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे प्रमाण कमी-जास्त करायचे बटण, असतो. हात कोणत्या बाजूला कलला आहे हे ओळखायला पाऱ्याचे स्विच बसवलेले आहेत: बंद नळीतला पाऱ्याचा थेंब कलानुसार घरंगळतो आणि विजेचे टोक जोडतो किंवा तोडतो. आणि सर्वांत बोलका भाग म्हणजे दोन हातांमधील अंतर मोजणारी रचना. एका हातातून कानाला न ऐकू येणारा उच्च कंपनाचा ध्वनी सोडला जातो, दुसऱ्या हातातील ग्राहक तो पकडतो, आणि ध्वनी पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. ही सारी मोजमापे वादकाच्या अंगावरील छोट्या संगणकात जमा होऊन मिडीच्या संदेशांत रूपांतरित होत आणि तारेने सिंथेसायझरांकडे जात. जोहान डेन बिगेलार, विम राइन्सबर्गर यांच्यासह स्टाइमच्या अनेक तंत्रज्ञांचा या कामात वाटा होता, आणि पुढच्या वर्षांत पेटर कॉस्ट, बर्ट बॉन्गर्स, फ्रँक बाल्डे अशी नावे त्यात मिळत गेली.

जून १९८४ मध्ये हे वाद्य अ‍ॅमस्टरडॅमला कॉन्सर्टखेबाउमध्ये सादर झाले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या सभागृहात खुळखुळे वाजवून मैफल रोखली त्याच सभागृहात त्या बंडखोरांनी काढलेल्या संस्थेचा माणूस हातांना तारा बांधून उभा राहिला, हा योगायोग डच रसिकांच्या नजरेतून सुटला नसणार. १९८५ मध्ये व्हँकुव्हरला झालेल्या आंतरराष्ट्रीय संगणक संगीत परिषदेत वाइसविस यांनी या वाद्यावर निबंध वाचला, आणि हाताच्या हालचालींवर चालणारी वाद्ये बनवू पाहणाऱ्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकाला तो निबंध आधारासाठी घ्यावा लागला.

वादनाचा अनुभव बाहेरून पाहता असा: बोटे कळा दाबून ध्वनी जागे करतात, मनगट कलले की त्याच कळा दुसऱ्या ध्वनिसमूहाकडे वळतात, अंगठा एखादा गुणधर्म हळूहळू बदलतो, आणि हात लांब नेले की आवाज फुगतो, जवळ आणले की तो आवळला जातो. यातला कोणता सेन्सर कोणत्या कामाला जोडायचा हे यंत्रात कायमचे कोरलेले नव्हते, ते प्रोग्रॅममध्ये लिहावे लागे. हात लांब नेल्यावर आवाज वाढण्याऐवजी स्वर चढवता आला असता, किंवा एखादी लय मंद करता आली असती. क्राकडोसमध्ये जे विजेने ठरत होते ते आता माणसाला ठरवावे लागत होते, आणि एकदा ठरवले तरी दुसऱ्या दिवशी बदलता येत होते. वरवर पाहता हे स्वातंत्र्य आहे.

स्पर्श नेमका कोठे आहे

या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न येथे उभा राहतो. 'द हँड्स' हे स्पर्शाचे वाद्य म्हणून सांगितले जाते, आणि बोटांखालच्या कळांपुरते ते खरेही आहे. पण त्यातले सर्वांत प्रभावी साधन, म्हणजे दोन हातांमधले अंतर, ही तर निव्वळ हवा आहे. हवा उलट रेटत नाही. ध्वनी कितीही प्रचंड झाला तरी तळहाताला त्याचा भार जाणवत नाही.

याच काळात फ्रान्समधील ग्रेनोबल येथे या प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर शोधले जात होते. तेथील 'अक्रोए' या संस्थेत क्लोद कादोज, आनी ल्युसियानी आणि जाँ-लू फ्लोराँ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे साधन विकसित केले की वादक दांडी हलवेल आणि संगणकातील काल्पनिक तार किंवा पडदा जितका विरोध करेल तितक्याच बळाने मोटर ती दांडी उलट ढकलेल. त्यांच्या 'कॉर्डिस' या प्रणालीत ध्वनी आणि बळ दोन्ही एकाच काल्पनिक वस्तूच्या हिशोबातून निघतात, त्यामुळे डग्ग्याच्या पुडीची ती मूळ एकता निदान तत्त्वतः परत मिळते. पण हे काम जड आहे. हाताला बळ अखंड वाटावे यासाठी ते सेकंदाला साधारण हजार वेळा नव्याने मोजून द्यावे लागते. मोटर, तिची चौकट आणि तो संगणक जमिनीला खिळून राहतात. त्यावेळच्या यंत्रसामग्रीवर मंचभर फिरणारा वादक आणि उलट रेटणारे वाद्य या दोन गोष्टी एकत्र मिळणे शक्य नव्हते. ग्रेनोबलने उलटा रेटा घेतला, अ‍ॅमस्टरडॅमने मोकळा वादक.

बळाऐवजी कंपन परत द्यावे असा तिसरा मार्गही आहे, आणि तो तुलनेने स्वस्त आहे, कारण एक छोटा कंपक हातात बसवला की काम भागते. त्याला मर्यादा शरीराची आहे. कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झ ऐकू येते. त्वचेला कंपन जाणवते ते साधारण १,००० हर्ट्‌झपर्यंत, आणि ती सर्वाधिक संवेदनशील असते २५० हर्ट्‌झच्या आसपास. त्यामुळे त्वचेपर्यंत ध्वनीचा खालचा पदर तेवढा पोहोचतो, वरची चमक पोहोचत नाही.

वाइसविस यांचे उत्तर यापैकी कशातही बसत नाही. १९९० मध्ये 'कम्प्युटर म्युझिक जर्नल'ने छापलेल्या मुलाखतीत त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा की इलेक्ट्रॉनिक वाद्य अधिकाधिक सोपे, जलद आणि तर्कशुद्ध करत गेल्याने त्याची संगीतदृष्ट्या प्रत सुधारत नाही. वादकाला थोडेफार कष्ट पडलेच पाहिजेत, कारण श्रोत्यांना संगीतातला ताण जाणवतो तो त्या शारीरिक कष्टांतून. स्टाइममधील त्यांचे सहकारी जोएल रायन यांनीही १९९१ च्या आपल्या लेखनात वाद्यरचनेत श्रमाला असेच मध्यवर्ती स्थान दिले. म्हणजे स्पर्श यंत्राकडून परत मागायचा नाही, तो शरीराच्या आतून घ्यायचा: पूर्ण ताणलेल्या हातांना खांद्यात जाणवणारा ताण, वेगाने जवळ आणलेले हात नेमक्या जागी थांबवताना स्नायूंना पडणारा लगाम, मनगट कलण्याची सीमा. हवेला वजन नसले तरी हातांना आहे.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. श्रोत्यांच्या बाजूने तो भक्कम आहे. मंचावरचा माणूस लॅपटॉपच्या पडद्यामागे बसून एखादी कळ दाबतो आणि सभागृह हादरते, तेव्हा श्रोत्याला त्या हादऱ्याचे कारण दिसत नाही. 'द हँड्स' वाजवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते दिसते, निदान दिसल्यासारखे वाटते. वादकाच्या बाजूने मात्र तो तोकडा पडतो. खांद्यातला ताण सर्व ध्वनींना सारखाच असतो. काचेच्या नादाला आणि दगडाच्या घर्षणाला हात त्याच अंतरावर तितकेच दुखतात. शील ओ'मॉड्रेन यांनी २००० मध्ये स्टॅनफर्डला पूर्ण केलेला प्रबंध संगणकीय वाद्यात बळाचा प्रतिसाद दिल्यास वादकाला काय मिळते याच प्रश्नावर आहे, आणि असा प्रतिसाद नियंत्रणाला मदत करतो याकडे त्याचा कल आहे. शरीराच्या आतली जाणीव ही त्याची पूर्ण जागा घेऊ शकत नाही. तरीही वाइसविस यांचे वादन अचूक, झपाट्याचे आणि ओळखू येण्याइतके त्यांचे स्वतःचे झाले. जे यंत्राने परत दिले नाही ते त्यांनी कोठून मिळवले, हे पाहण्यासाठी निर्णयाकडे वळावे लागते.

बदल थांबवण्याचा निर्णय

प्रोग्रॅमने चालणाऱ्या वाद्याचा मोह असा असतो की प्रत्येक अडचणीचे उत्तर बदलात दिसते. करंगळी वेळेवर पोहोचत नाही? ते काम दुसऱ्या बोटाला द्या. हात पुरेसे लांब जात नाहीत? अंतराची मोजपट्टी बदला. सतारवादकाला हा पर्याय नाही, म्हणून तो आपली बोटे बदलतो, आणि त्या बदलायलाच रियाज म्हणतात. संगणकीय वाद्यात रियाजाची जागा दुरुस्ती घेते. वादक प्रत्येक वेळी नव्या वाद्यासमोर नवशिका म्हणून उभा राहतो, आणि ज्या संस्थेत तंत्रज्ञ पलीकडच्याच खोलीत बसलेले असतात तेथे हा धोका अधिकच.

वाइसविस यांनी त्याच मुलाखतीत आपला उपाय स्पष्ट सांगितला आहे: वाद्याची तांत्रिक वाढ काही काळ, कधीकधी जवळजवळ दोन वर्षे, गोठवायची आणि त्या काळात फक्त रचना करायच्या, वाजवायचे, वाद्याच्या मर्यादा शोधायच्या आणि त्या मर्यादांतून काय काढता येते ते पाहायचे. दोन वर्षे ही मुदत वाद्य शिकणाऱ्याला हास्यास्पदपणे अल्प वाटेल. पण ज्या क्षेत्रात दर सहा महिन्यांनी नवा प्रोसेसर येत होता, त्या क्षेत्रात एका संशोधन संस्थेच्या संचालकाने आपल्या मुख्य यंत्राला हात न लावणे ही सोपी गोष्ट नव्हती. संशोधन संस्थेला अनुदान नावीन्यावर मिळते. रियाज हा अहवालात लिहिता येत नाही.

हे गोठवणे सरसकट नव्हते, आणि मला यातला खरा शहाणपणा येथे दिसतो. वाद्याची दुसरी आवृत्ती १९९० च्या सुमारास आणि तिसरी २००० च्या सुमारास आली. अंगावरच्या पहिल्या संगणकाच्या जागी स्टाइमची 'सेन्सरलॅब' ही छोटी पेटी आली. ध्वनीच्या बाजूला तर आमूलाग्र बदल झाले: आरंभी फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनचे सिंथेसायझर, नंतर साठवलेले ध्वनिनमुने, आणि १९९० च्या दशकात फ्रँक बाल्डे यांच्यासह विकसित केलेली 'लिसा' ही संगणकप्रणाली, जी मंचावर त्या क्षणी पकडलेला ध्वनी, बहुधा वाइसविस यांचा स्वतःचाच आवाज, लगेच चिरून, ताणून, उलटवून हातांच्या ताब्यात देत असे. या सगळ्यात हाताच्या बाजूची मांडणी मात्र ढोबळमानाने तीच राहिली: बोटांखाली कळा, अंगठ्याला सरकता गुणधर्म, मनगटाला कल, दोन हातांमध्ये अंतर. बदल होत होते ते कळांच्या दर्जात, चौकटीच्या घडणीत, विश्वासार्हतेत. वादकाच्या मज्जातंतूंनी जे शिकून ठेवले होते त्याला धक्का न लावता त्याच्या पलीकडचे जग बदलत ठेवणे, ही ती युक्ती. वीस वर्षांत शिकलेले अंतराचे माप नव्या ध्वनीलाही उपयोगी पडत असे.

स्पर्शाच्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर माझ्या वाचनाप्रमाणे यातच आहे. यंत्र उलट रेटत नाही, तेव्हा हाताने कितपत जायचे हे हाताला कोणीही सांगत नाही. ते फक्त पूर्वीच्या हजारो वेळांच्या आठवणीतून कळू शकते, आणि ती आठवण उपयोगी पडायची तर यंत्राने कालच्यासारखेच वागले पाहिजे. पुडी असलेल्या वाद्यात स्थिरता पुडी पुरवते. 'द हँड्स'मध्ये ती वादकाला शिस्तीने पुरवावी लागली. श्रमाचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला, कारण तो बोलायला आकर्षक आहे. स्थिरतेशिवाय त्या श्रमांना मात्र काहीच अर्थ उरला नसता.

याच्या उलट चित्र पाहायचे तर २००१ मध्ये सिअ‍ॅटलला एका कार्यशाळेतून सुरू झालेल्या आणि आता 'नाइम' या नावाने दरवर्षी भरणाऱ्या परिषदेकडे बघावे. संगीताभिव्यक्तीच्या नव्या साधनांना वाहिलेल्या या परिषदेत दरवर्षी कितीतरी नवी वाद्ये दाखवली जातात, आणि त्यांपैकी बरीचशी त्या सादरीकरणानंतर फारशी वाजत नाहीत, ही तक्रार त्या परिषदेतील संशोधकांनी स्वतःच वेळोवेळी केली आहे. सेन्सर कमी पडले म्हणून ही वाद्ये मागे पडत नाहीत. आजच्या साध्या मोबाइलमध्ये १९८४ च्या 'द हँड्स'पेक्षा किती तरी सूक्ष्म सेन्सर असतात.

दुसऱ्या हातांचा प्रश्न

गोठवण्याच्या धोरणाची दुसरी बाजू वाद्य दुसऱ्या वादकाकडे जाण्याच्या वेळी उघडी पडते. येथे थेरमिनशी तुलना उपयोगी आहे, कारण तेही हवेत हात हलवून वाजवायचे, उलट न रेटणारे वाद्य आहे. त्याचे वागणे पहिल्यापासून ठरलेले होते: एका हाताने स्वर, दुसऱ्याने आवाजाची पातळी. १९२९ पासून अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने ते विकलेही. त्यामुळे क्लारा रॉकमोर यांच्यासारखी वादक ते उचलून त्यावर स्वतःची बोटांची पद्धत घडवू शकली आणि ती पद्धत पुढच्या वादकांना शिकता आली. थेरमिनची स्थिरता सार्वजनिक होती. 'द हँड्स'ची स्थिरता खासगी राहिली: ती एका माणसाच्या हाताच्या मापात, त्याच्या प्रोग्रॅममध्ये आणि त्याच्या सवयीत होती. त्या वाद्यासाठी कोणतीही सर्वमान्य लिपी नव्हती, अभ्यासक्रम नव्हता, आणि दुसऱ्याला शिकवता येईल असा 'मूळ संच' कोणता हेही ठरलेले नव्हते.

एक फांदी मात्र फुटली. बर्ट बॉन्गर्स यांनी याच विचारातून, पण सोप्या बांधणीचे, 'मिडी कंडक्टर' नावाचे हातात धरायचे साधन अनेक प्रतींत तयार केले. एडविन फान डर हायडे हे त्यावर वादन करत 'सेन्सरबँड' या त्रिकुटात सामील झाले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या गटात त्यांच्यासोबत अताउ तानाका आणि झ्बिग्न्येव्ह कारकोव्स्की होते. लेतिशिया सोनामी यांनी १९९१ मध्ये स्वयंपाकघरातल्या रबरी हातमोज्यांवर सेन्सर चिकटवून केलेल्या प्रयोगातून पुढे जो 'लेडीज ग्लव्ह' घडला, त्याच्या प्रगत आवृत्तीच्या बांधणीतही बॉन्गर्स यांचा हात होता. सोनामी यांनीही आपला हातमोजा वर्षानुवर्षे वाजवला, आणि त्यांच्या बाबतीतही वाद्य आणि वादक वेगळे काढता येत नाहीत. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल असे मला वाटत नाही. बनवणारा, प्रोग्रॅम लिहिणारा आणि वाजवणारा एकच असला की इतरांना समजेल असे काही लिहून ठेवण्याची गरजच कोणाला भासत नाही.

वाइसविस यांचे १८ जून २००८ रोजी निधन झाले. त्याच वर्षी स्टाइमच्या सरकारी अनुदानावर गंडांतर आले होते आणि जगभरच्या संगीतकारांनी संस्थेच्या बाजूने पत्रे लिहिली; संस्था आणखी काही वर्षे तगली आणि २०२० मध्ये तिचे काम बंद झाले. मधल्या काळात, २०१६ मध्ये, जुझेप्पे तोर्रे, क्रिस्टिना अँडरसन आणि फ्रँक बाल्डे यांनी 'द हँड्स'च्या तिन्ही आवृत्त्यांच्या जडणघडणीचा सविस्तर लेख 'कम्प्युटर म्युझिक जर्नल'मध्ये लिहिला. लेखकांपैकी बाल्डे हे स्वतः या वाद्याच्या संगणकप्रणालीचे कर्ते, त्यामुळे बऱ्याच गोष्टी प्रत्यक्ष माहितीतून नोंदल्या गेल्या.

अशा नोंदीची उपयुक्तता आणि तिची सीमा वाद्याच्या रचनेतूनच ठरते. चौकटी, स्विच, सर्किट यांची नक्कल आजचा कोणताही कुशल तंत्रज्ञ करू शकेल. पाऱ्याच्या थेंबाऐवजी काही रुपयांचा अ‍ॅक्सेलरोमीटर अधिक नेमका कल मोजेल. हातांच्या हालचाली शेवटी मिडीच्या संदेशांत उतरत असल्याने, त्या संदेशांची नोंद ठेवली असेल तर एखाद्या मैफलीतील प्रत्येक हालचाल आकड्यांत पुन्हा उभी करता येते. परंतु 'लिसा'मध्ये त्या क्षणी कोणता ध्वनी भरलेला होता आणि तो कोणत्या हालचालीला जोडलेला होता हे सोबत नसेल, तर त्या आकड्यांतून संगीत निघत नाही. नुसत्या ध्वनिमुद्रणात संगीत असते, पण ते कोणत्या हालचालीने घडले हे नसते. म्हणून अशा वाद्यावर काम करणाऱ्याने जपून ठेवायची सामग्री तीन पदरांची आहे, हालचालींचे संदेश, त्या वेळची जोडणी आणि त्या वेळचे ध्वनी, आणि ती वाद्य गोठवलेल्या प्रत्येक कालखंडाच्या शेवटी एकत्र बांधून ठेवावी लागते, कारण पुढची आवृत्ती सुरू झाली की तिच्यातला पहिला पुसला जाणारा पदर जोडणीचा असतो.